तिऱ्हाईताचं मत

नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ट्रंकेची पितळी मूठ माझ्या टेबलावर पडून आहे. कुपवाडहून आल्यापासून ती परत बसवायचं मन होत नाही. मधूनच उचलते, मुठीत धरून बसते, आणि मग बराच वेळ तळव्याला पितळेचा वास येत राहतो. पूर्वी मला हा शनिवारचा वास वाटायचा. आता तो आला की मी उठून हात धुऊन येते. एखादी गोष्ट आपण वर्षानुवर्षं जपावी, आणि एका दुपारी कुणीतरी ती सहज उलटी करून तिची मागची बाजू दाखवावी, तसं माझं झालंय. मी अजून त्यातून सावरलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

हातात फोन यायच्या आधीच्या काळात मी साताऱ्यात घरीच डीटीपीची कामं घेत असे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, त्यावर आईनं विणलेलं क्रोशाचं झाकण, आणि खिडकीत सदाफुलीची कुंडी. कॉम्प्युटर तापला की आतल्या धुळीचा एक कोरडा, भाजल्यासारखा वास सुटायचा. शनिवारी त्यात आणखी एक वास मिसळायचा. कोपऱ्यावरच्या मारुतीला लोक सकाळपासून तेल घालत, रुईच्या माळा चढवत, आणि वारा आमच्याकडे वळला की घर तेलकट व्हायचं. नाना फौजेतून केव्हाच निवृत्त झालेले, पण शनिवारी ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करायचं काही सोडलं नव्हतं. जायचं कुठेच नसे. ब्रशचा तो सपसप आवाज ऐकू आला की मी हातातली लग्नपत्रिका बाजूला सारून कट्टा उघडायची.

कट्टा म्हणजे मराठीत लिहिणाऱ्यांच्या एका संकेतस्थळाचा कोपरा. ते संकेतस्थळ आता बंद पडलंय. तिथे कुणी खरं नाव सांगत नसे, फोटो मागत नसे. मी तिथे सदाफुली होते, कुंडी समोर होती म्हणून. नागपूरचे एक शिक्षक होते, त्यांचं नाव ऊनपाऊस. कुपवाडला लेथ मशीनवर काम करणारा एक होता, त्यानं सरळ लेथवाला असंच नाव घेतलं होतं. आणखी दहाएक जण येऊन-जाऊन असत. बोलायचो काय, तर काहीच नाही. कुणी आज भडंग केला, लसूण जास्त झाला. कुणाच्या मुलानं पोहायला जायचं नाही म्हणून पलंगाखाली दडी मारली. कुणी इस्त्रीवाल्याशी भांडून आलं. जगाला ज्याचा काडीचा उपयोग नाही अशा गोष्टी आम्ही एकमेकांना इतक्या मन लावून सांगत होतो की त्यावाचून शनिवार उजाडल्यासारखा वाटत नसे.

आणि आमचा एक रिवाज होता. कौल लावायचा.

आमच्याकडे गावदेवीला कौल लावतात. देवीच्या अंगावर फुलं चिकटवायची, मनातलं विचारायचं, उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. कट्ट्यावर फुलांच्या जागी आम्ही होतो. कुणाचं काही अडलं की तो शनिवारी सकाळी प्रश्न टाकी. पडदे निळे घेऊ की पिवळे? उद्या सासुरवाडीला जाऊ की पोटदुखीचं निमित्त सांगू? संध्याकाळपर्यंत मतं पडत, ऊनपाऊस मास्तर ती मोजत आणि निकाल लावत. लागलेला कौल पाळायचाच, हा नियम. पुढच्या शनिवारी काय झालं ते सांगायचं. मी एकदा कौलापायी आंबोळीत बीट घालून नानांना वाढलं होतं. नानांनी ताटाकडे पाहिलं आणि हा हुकूम कुणाचा, एवढंच विचारलं.

कौल पाळण्यात लेथवाल्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो दिवसभर मशीनच्या आवाजात असायचा. एकदा त्यानंच लिहिलं होतं की कारखान्यात आठवडाभर ओरडूनच बोलावं लागतं, शनिवारी इथं न ओरडता कुणीतरी ऐकतं. हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो फार मोकळा, फार गोड माणूस होता, अजूनही आहे. नानांच्या ट्रंकेची मूठ हरवली असं मी कधीतरी सहज लिहिलं, तर पठ्ठ्यानं माप विचारून घेतलं आणि पितळेची मूठ करून सांगलीहून एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ दिली. मी साताऱ्याच्या स्टँडवर जाऊन ती घेतली. कागदात गुंडाळलेली, अजून मशीनच्या तेलाचा वास असलेली. नानांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि हा इसम कोण, कुठे भेटला, अशी चौकशी केली. भेटला नाही अजून, मी म्हटलं. खोटं कारण लिहिलेल्या रजेच्या अर्जाकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले. पण मूठ त्याच दिवशी बसवली.

मग लेथवाल्यानं घर बांधायला काढलं.

ते घर आम्ही बांधलं, असंच आम्ही म्हणायचो. कुपवाडला जागा त्याची, पैसे त्याचे, घाम त्याचा, पण शनिवार आमचे. उन्हाळ्यात पाया झाला तेव्हा कट्ट्यावर कुरडयांच्या गप्पा चालल्या होत्या. पावसाळ्यात भिंती उभ्या राहिल्या. तिकडे कृष्णेला पाणी चढलं की तो लिही, सदाफुली, तुमचं पाणी पोचलं. इकडे माहुलीच्या घाटावर उभी राहून मी खरोखरच विचार करायची की हे पाणी आता त्याच्याकडे जाणार. ऊस तुटायला लागला आणि सांगलीच्या हवेत गूळ शिजायचा वास भरला, असं त्यानं लिहिलं त्या सुमारास घराला स्लॅब पडला. आणि दर शनिवारी एक कौल. जिना आतून की बाहेरून? दारात कढीपत्ता की जास्वंद? झोपाळ्याला रंग कुठला? झोपाळ्याच्या वेळी आम्हाला मस्ती आली होती. कुणीतरी पोपटी म्हणालं आणि बघता बघता सगळेच पोपटी म्हणायला लागलो. त्यानं खरंच पोपटी दिला. आम्ही पोट धरधरून हसलो आणि नंतर आम्हालाच तो झोपाळा फार आवडायला लागला.

लेथवाल्याची प्रश्न टाकायची एक पद्धत होती. तो लिही, एक मत असं पडतं की हे करावं, दुसरं असं की ते करावं, तर मंडळी, काय करू? आणि खाली, मी मंडईत जाऊन येतो, तोवर मतं टाका. तो तिकडे पिशवी घेऊन गेला की इकडे मतं पडायला लागत.

त्यात तिऱ्हाईताचं मत बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी यायचं.

तिऱ्हाईत हा आमच्यातला सगळ्यांत चमत्कारिक प्राणी. तो गप्पांत कधी नसायचा. कुणाच्या भडंगाचं कौतुक नाही, कुणाच्या पोराची चौकशी नाही. फक्त कौल लागला की एक शब्द लिहून जायचा. बाहेरून. जास्वंद. तपकिरी. आणि दर वेळी हरायचा. आम्ही सगळे एकीकडे, तिऱ्हाईत एकटा दुसरीकडे. ऊनपाऊस मास्तर निकाल लावताना खाली लिहीत, तिऱ्हाईताचं डिपॉझिट पुन्हा जप्त. तो आम्हाला हवाहवासाच झाला होता म्हणा ना. लग्नात एक तरी रुसणारा पाहिजे, त्याशिवाय लग्नाला रंग येत नाही, तसा तो. मी त्याला एकदा विचारलं होतं की बाबा रे, तुला मुद्दाम उलटं बोलायची हौस आहे का? उत्तर आलं नाही.

तो इतरांच्या कौलात मत देतच नाही, फक्त लेथवाल्याच्याच देतो, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीचा कौल मला स्पष्ट आठवतो. लेथवाल्यानं लिहिलं होतं की ओट्यासमोर रस्त्याच्या अंगाला खिडकी ठेवावी असं एक मत पडतं, उजेड येईल, जाणारं-येणारं माणूस दिसेल. दुसरं मत असं की समोरून औद्योगिक वसाहतीत जाणारे ट्रक धूळ उडवतात, तेव्हा भिंतच घालावी. त्या दिवशी मला कामाची घाई होती. तरी मी थांबून लिहिलं: रस्त्याकडे खिडकी ठेवलीत तर फोडणीत धूळ पडेल. भिंतच बरी. वहिनी दुवा देतील. माझं हे वाक्य सगळ्यांना पटलं. भिंत जिंकली. खिडकी म्हणणारा एकटा तिऱ्हाईत.

लेथवाल्याच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. तो आमची ही असं लिहायचा. आमच्या हिनं आज शेंगोळे केलेत. आमच्या हिचं माहेर आटपाडी. तिच्याबद्दल आम्हाला एवढंच ठाऊक होतं आणि तेवढं पुरतही होतं. आटपाडी मात्र कौलात वारंवार यायची. या रविवारी आटपाडीला जावं की घरीच आराम करावा? आटपाडी की गणपती बघायला सांगली? आणि तिऱ्हाईताचं मत दर वेळी आटपाडी. आम्ही म्हणायचो, याचा तिथे कुणात जीव अडकलाय की काय.

एका शनिवारी कौल होता आटपाडी की सागरेश्वर. सासूबाई जरा आजारी असतात, पण ते नेहमीचंच आहे, असंही लेथवाल्यानं लिहिलं होतं. हिवाळा होता, साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर सकाळी धुकं बसायचं, आणि मला त्या दिवशी कुणीतरी कुठेतरी मजेत जावं असं फार वाटत होतं. मी लिहिलं, सागरेश्वरला जा, हरणं बघा, आटपाडी काय कुठे पळून जात नाही.

ते गेले. लेथवाल्यानं हरणांचे फोटो टाकले. एका फोटोच्या कडेला कुणाची तरी पाठ आली होती, हिरव्या साडीतली, दुसरीकडेच बघणारी. आम्ही म्हटलं, वहिनींचं दर्शन झालं एकदाचं, पाठमोरं का होईना.

पुढच्या शनिवारी लेथवाल्यानं लिहिलं की सासूबाई गेल्या. गुरुवारीच. पोचेपर्यंत उशीर झाला.

आम्ही सगळे हळहळलो, आणि ती हळहळ खरी होती. सगळ्यांनी लिहिलं, लांब लांब लिहिलं. मी माझ्या आईच्या जाण्याबद्दल लिहिलं. तिऱ्हाईतानं मात्र काही लिहिलं नाही. ऊनपाऊस मास्तरांना ते फार लागलं. त्यांनी सरळ विचारलं की तिऱ्हाईत महाशय, मत द्यायला बरे हजर असता, आज निदान दोन शब्द लिहायचे होते, एवढं कोरडं माणसानं असू नये. मला मास्तरांचं पटलं होतं. बऱ्याच उशिरा तिऱ्हाईताचा एक शब्द आला.

वाचलं.

बस. त्यानंतर तो कट्ट्यावर कधीच दिसला नाही. आमची खात्रीच पटली की माणूस दगड होता. मग हळूहळू सगळेच पांगलो. हातात फोन आले, जो तो आपापल्या नातेवाइकांच्या ग्रुपात गेला, आणि एक दिवस संकेतस्थळ उघडेना. मी क्रोशाचं झाकण धुऊन, घडी करून ठेवलं. नाना गेले. बुटांच्या ब्रशचा आवाज गेला. पण कधी एकटं वाटलं तर मी ते शनिवार आठवायची. माझ्या आयुष्यातला तेवढा एक काळ निव्वळ निरागस होता, असं मला वाटायचं.

गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्याला सांगलीला गेले. मुठीचे आटे झिजले होते, ट्रंक ओढली की ती हातात यायची, म्हणून ती पर्समध्ये घेतलीच होती. मूठ एस.टी.नं पाठवताना लेथवाल्यानं दिलेला नंबर एका जुन्या वहीत सापडला होता. केला फोन. पलीकडून एकदम हसू. "या की ताई. आज शनिवारच हाय," तो म्हणाला.

रिक्षा हळदीच्या वखारींवरून गेली. त्या पिवळ्या, उग्र, जमिनीच्या पोटातल्या वासाबद्दल त्यानं किती वेळा लिहिलं होतं. कुपवाडला वळलो, आणि लांबूनच मला झोपाळा दिसला. पोपटी. रंग ठिकठिकाणी उडालेला, पण पोपटीच. जिना आतून, म्हणून बाहेर कुठे दिसत नव्हता. दारात कढीपत्ता घराइतका उंच झालेला. मी या घरात पहिल्यांदाच येत होते आणि मला याची वीट न् वीट ओळखीची होती. किती आनंद झाला, काय सांगू. वाटलं, आपण हवेत बोलत होतो, पण हे बघा, हे उभं आहे. सगळं आपलं आहे.

लेथवाला निवृत्त झालाय. केस पांढरे, हात मात्र पूर्वीही असेच असणार, काळपट आणि चिवट. त्यानं मला घर फिरून दाखवलं, जणू मी मालकीण आणि तो भाडेकरू. प्रत्येक गोष्टीपाशी थांबून सांगत होता, हे तुमचं, हे मास्तरांचं. मागच्या शेडमध्ये त्यानं छोटं लेथ ठेवलंय. मूठ बघितल्यावर तर तो लहान मुलासारखा खूश झाला. आटे पाडून आणतो, तोवर तुम्ही हिच्याशी बोला, म्हणाला आणि मागे गेला. थोड्या वेळानं मशीनचा किर्र आवाज सुरू झाला.

मी स्वयंपाकघरात गेले. बाहेर टळटळीत ऊन होतं आणि आत ट्यूब लावलेली होती.

वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या. बारीक, सावळ्या, हिरवी नव्हे पण तसल्याच कुठल्याशा साडीत. त्यांच्या समोर, हातभर अंतरावर, भिंत. तेलाच्या शिंतोड्यांनी पिवळी पडलेली, पुसून पुसून मधोमध गुळगुळीत झालेली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, की दिवसा दिवा लावावा लागतो वाटतं. त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"सदाफुली म्हंजे तुमीच न्हवं?"

मी हसून हो म्हटलं.

"फोडणीत धूळ पडंल, भिंतच बरी, वैनी दुवा देतील," त्या म्हणाल्या. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, पाठ केलेली प्रार्थना म्हणावी तशा.

माझं हसू तोंडावरच राहिलं. ही ओळ मी लिहिली त्याला किती काळ लोटला होता. मला वाटलं, लेथवाल्या भाऊंनी वाचून दाखवली असणार. तसं म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"मी बी हुते तितं."

कुठे?

"कट्ट्यावर. पोरानं टाइप करायला शिकवलं हुतं. ह्ये मंडईला गेले की बसायची." त्यांनी साखरेचा डबा उघडला. "तिऱ्हाईत."

मागून मशीन किरकिरत होतं, आधण उकळत होतं, आणि माझ्या डोक्यात ते सगळे एका शब्दाचे शनिवार एकामागून एक येऊन आदळत होते. बाहेरून. जास्वंद. तपकिरी. खिडकी. ती उलटं बोलत नव्हती. ती तिच्या घराबद्दल बोलत होती. एक मत असं पडतं की, असं लेथवाला लिहायचा, ते मत याच बाईचं होतं, आणि आम्ही दहा-बारा परकी माणसं चहा पीत, गंमत करत, दर शनिवारी ते पाडत होतो. आटपाडी. आटपाडी. आटपाडी. आणि शेवटी तिच्या आईच्या मरणावर तिनं दोन शब्दही लिहिले नाहीत, म्हणून आम्ही तिलाच कोरडी म्हटलं होतं.

मी विचारलं, की भाऊंना सांगायचं ना सरळ, घरातल्या घरात, मला काय पाहिजे ते.

"सांगायची की. ह्ये इचारायचे बी. मानूस वाईट न्हाई, ताई. मी म्हनायची खिडकी, ह्ये म्हनायचे, थांब, कट्ट्यावर बघतो." त्या चहात दूध ओतत होत्या. "मग म्हटलं, जितं ठरतंय तितंच जाऊन सांगावं."

आणि त्यांना हे माहीत आहे?

"न्हाई. कुनी इचारलंच न्हाई."

त्या रागावलेल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्या चहा गाळत होत्या, गाळणी कपावर आपटत होत्या, आणि त्यांच्या आवाजात राग शोधूनही सापडत नव्हता. मला माफी मागायची होती. पण कशाकशाची मागू, हे ठरायच्या आत मशीन बंद पडलं.

बाहेर आम्ही झोपाळ्यापाशी बसलो. तो झोपाळ्यावर, मी समोर खुर्चीत. त्यानं मूठ माझ्या हातात दिली, गरम होती अजून. त्याला बोलायचा उमाळा आला होता. मास्तर कसे असतील, ती बीटाची आंबोळी, नाना काय म्हणाले होते. मी हो-हो करत होते. मग तो म्हणाला की परवा गवंडी येतोय, वर एक खोली काढायची आहे. आणि त्याचे डोळे तसेच चमकले, जसे मी इतकी वर्षं न पाहता पाहत आले होते.

"ताई, एक कौल लावू या का? स्वयंपाकघरातली भिंत फोडून खिडकी काढावी, असं एक मत पडतंय. मी म्हनतो, एक्झॉस्ट पंखा बसवला की भागतंय. तुमी सांगा. आज तुमीच सगळा कट्टा." आणि स्वतःशीच हसला. "त्यो तिऱ्हाईत आठवतो का तुमास्नी? आज असता तर उलटंच बोलला असता गडी."

वहिनी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या तशाच पुढे आल्या, माझा कप माझ्यासमोर ठेवला, त्याचा त्याच्यासमोर.

या घराबद्दल एक शब्दसुद्धा उच्चारायची मला भीती वाटत होती. मी म्हटलं, "माझं मत राहू दे भाऊ. तिऱ्हाईताचं आधी यायचं नेहमी. ते येऊ दे."

तो अजून हसतच होता. मी वहिनींकडे बघत होते, म्हणून त्यानंही बघितलं.

"खिडकी," त्या म्हणाल्या.

आधी त्याला ती थट्टाच वाटली. बघा, हिला बी कट्टा ठावं झालाय, असं काहीतरी तो म्हणायला लागला आणि मधेच थांबला. झोपाळा हलत होता, त्यानं पाय टेकला. तो तिच्याकडे बघत राहिला. माणसाच्या चेहऱ्यावरून एकेक करून वर्षं मागे जाताना मी कधी पाहिली नव्हती.

"झोपाळ्याला?" त्यानं विचारलं. आवाज त्याचा वाटत नव्हता.

"तपकिरी."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. धूळ उठली, कढीपत्त्यावर बसली. तो हाताखालच्या पोपटी रंगाकडे बघत होता, नखानं त्याची एक खपली काढत होता. ट्रकचा आवाज पार वसाहतीपर्यंत जाऊन विरला.

"त्या रविवारी?" तो म्हणाला.

कुठल्या, ते त्यानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

"आटपाडी," ती म्हणाली.

मग तिनं त्याच्यासमोरचा भरलेला कप उचलला. चहा निवला, गरम करून आणते, असं म्हणून ती आत गेली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. आत ट्यूब टिकटिक करत पेटली, तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला.